कोनी सांगं? कव्हयनं शे? कोठलं शे? : गावात खातरजमा शिकवायची कशी

अफवेने खान्देशात माणसं मेली आहेत, आणि ही फार जुनी गोष्ट नाही. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ‘मुलं पळवणारी टोळी’ समजून जमावाने ठार मारलं. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात परधाड्याजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची बोंब उठली. लोक शेजारच्या रुळावर उतरले आणि कर्नाटक एक्सप्रेसखाली किमान १२ जणांचा जीव गेला. गाडीला आग लागलेली नव्हती.

या दोन घटनांमध्ये मोठा फरक आहे. परधाड्याला विचार करायला काही सेकंदच होते. राईनपाड्याची अफवा मात्र त्याआधी बरेच दिवस जिल्हाभर फोनमधून फिरत होती. तपासायला वेळ होता, साधनं होती, सवय नव्हती. ही सवय गावात कशी लावायची, त्यासाठी हा लेख आहे. झेडपीचे गुरुजी, बचत गटाच्या सीआरपी ताई (गटांना मदत करणाऱ्या गावातल्याच कार्यकर्त्या), वाचनालय चालवणारी पोरं, राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) शिबिराला गावात जाणारे विद्यार्थी, यांच्यापैकी कुणीही हे करू शकतं.

माझं मुख्य सांगणं एवढंच: ‘हे खोटं आहे’ असं लोकांना सांगत सुटू नका. त्यांच्याच हाताने शोधायला लावा, आणि सुरुवात त्यांच्या खिशाशी संबंधित गोष्टीपासून करा.

बैठक कुठे आणि कोणत्या विषयावर

वेगळा कार्यक्रम ठेवू नका. ‘फेक न्यूज जनजागृती शिबिर’ असा बॅनर लावला की जे आधीच जागरूक आहेत तेवढेच येतात. लोक जिथे जमतातच तिथे जा: बचत गटाची मासिक बैठक, पार, दूध डेअरीसमोरची सकाळ, हिवाळ्यात शेतात होणारी भरीत पार्टी. वांगी भाजून होईपर्यंतचा तास यासाठी फार चांगला असतो, कारण सगळे एका जागी असतात आणि कुणाला घाई नसते.

पंधरा-वीस माणसं पुरेत. चार-पाच फोन चालू हवेत आणि रेंज हवी. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर रेंज मिळेलच असं नाही, तिथे फोटो आणि कागद छापून न्या. आणि तिथली भाषा बोलणारा माणूस सोबत हवाच. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या बाईला प्रमाण मराठीत ‘माहितीची विश्वासार्हता’ समजावत बसलात तर ती मान डोलावेल आणि विसरून जाईल.

पहिल्या दोन-तीन बैठकींत राजकारण, धर्म, जात यांतलं काहीही घेऊ नका. ते विषय महत्त्वाचे आहेत, पण तिथे माणूस दावा सांभाळत नसतो, आपली बाजू सांभाळत असतो. केळीचा भाव, बियाणं, योजनेचा हप्ता यांत कुणाची बाजू नसते. चुकलं तर पैसे जातात, म्हणून लक्ष असतं. उत्तरही त्याच दुपारी सापडतं.

पायरी पहिली: तीन प्रश्न

कोनी सांगं? कव्हयनं शे? कोठलं शे? कुणी सांगितलं, कधीचं आहे, कुठलं आहे. हे तीन प्रश्न अहिराणीत म्हणून घ्या, मोठ्याने. पोरांना लगेच पाठ होतात आणि ती घरी जाऊन आजोबांना विचारू लागतात.

रावेर-यावलकडे असाल तर केळीच्या भावाचा एखादा मेसेज उचला. ‘आजचा भाव’ एवढंच लिहून एक आकडा दिलेला असतो. आता विचारा: आजचा म्हणजे कोणत्या तारखेचा? रावेरचा की बऱ्हाणपूरचा? नवतीचा, पिलबागेचा की कांदेबागेचा, म्हणजे कोणत्या प्रकारच्या बागेचा? फरकासकट (जाहीर भावावर मिळणारी वाढ) की फरक सोडून? पाच मिनिटांत शेतकरीच सांगतील की हा आकडा घेऊन व्यापाऱ्याशी बोलणी करता येणार नाही. तुम्हाला काहीही शिकवावं लागत नाही. भावाच्या बाबतीत ते ही चिकित्सा रोज करतातच. बाकीच्या मेसेजलाही हीच चाळणी लावायची असते, हे त्यांच्या लक्षात आणून द्यायचं.

‘कोनी सांगं’ याचं उत्तर ‘गणेशने पाठवलं’ असं येईल. गणेश पाठवणारा आहे, सांगणारा नाही. गणेशला फोन लावायला सांगा, त्याला कुणी पाठवलं ते विचारायला सांगा. दोन-तीन फोनांत साखळी तुटते आणि मूळ सांगणारा कुणालाच माहीत नसतो. स्पीकरवर लावलेला तो एक फोन तासभराच्या भाषणापेक्षा जास्त शिकवतो.

व्हॉट्सॲपवर मेसेजच्या वर दोन बाणांची खूण दिसली तर तो पाच किंवा अधिक हातांतून फिरून आलेला असतो. असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. ही बंधनं उगाच आलेली नाहीत. २०१८ मध्ये देशभर अफवांमुळे माणसं मारली गेल्यावर आधी भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली आणि पुढे ती आणखी कडक झाली. ती दोन बाणांची खूण प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या फोनवर शोधायला लावा.

पायरी दुसरी: सरकारी कागद ओळखणं

यावर एक अख्खी बैठक द्या. गावात सर्वांत जास्त पैसा आणि हेलपाटे इथेच वाया जातात.

राज्य सरकारच्या शासन निर्णयावर, म्हणजे जीआरवर, शेवटी एक ओळ असते: हा निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. हा लांबलचक आकडा म्हणजे जीआरचा पत्ता. त्याचे पहिले आठ अंक वर्ष, महिना आणि दिवस दाखवतात. वरच्या तारखेशी किंवा तिच्या लगतच्या दिवसाशी ते जुळत नसतील तर संशय घ्या. मग राज्य शासनाच्या संकेतस्थळावर ‘शासन निर्णय’ या भागात जा आणि तो संकेतांक टाका, किंवा विभाग आणि तारीख टाकून शोधा. सापडला आणि मजकूर जुळला तर कागद खरा. संकेतांकच नसेल, किंवा फोटोत नेमका तेवढाच भाग कापलेला असेल, तर त्या कागदावर विसंबून झेरॉक्सचे पैसेसुद्धा घालवू नका.

पुढचा भाग लोकांना अवघड जातो, म्हणून त्यावर थांबा. कागद खरा असून आज लागू नसतो. लाडकी बहीण योजनेचा पहिला जीआर २८ जून २०२४ चा. त्यात वयाची मर्यादा २१ ते ६० होती. काही दिवसांतच ती ६५ झाली, अर्जाची मुदत वाढली, पाच एकर शेतीची अट निघाली. म्हणजे ‘६१ वर्षांच्या बाईला मिळत नाही’ असं सांगणारा माणूस खोटारडा नव्हता, त्याच्याकडे जुना खरा कागद होता. दोन्ही जीआर छापून शेजारी ठेवा आणि बायकांनाच फरक शोधायला सांगा. ‘कव्हयनं शे’ हा प्रश्न इतका का महत्त्वाचा, ते या एका उदाहरणात कळतं.

लिंक तपासण्याची रीत अशी. पत्त्यातली पहिली तिरपी रेघ शोधा (सुरुवातीच्या जोड रेघा सोडून). तिच्या आधीचा भाग उजवीकडून वाचा. शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असेल तर सरकारी. तेच शब्द मध्ये कुठेतरी घुसवलेले असून शेवटी दुसरंच काही असेल तर ती सरकारी लिंक नाही, मग वर अशोकस्तंभ असो की मुख्यमंत्र्यांचा फोटो. पीएम किसान किंवा केवायसीच्या नावाने ‘एपीके’ अशी शेपटी असलेली फाईल आली तर उघडायचीच नाही. कुणाकडून उघडली गेली आणि पैसे गेलेच, तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० ला फोन. पैसे पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत तक्रार पोहोचली तरच ते अडवता येतात. म्हणून ‘घरच्यांना काय सांगू’ या लाजेत वेळ घालवू नका, हे बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना मुद्दाम सांगा.

पायरी तिसरी: फोटो आणि व्हिडिओ

पावसाळ्यात तापीकाठी ‘हतनूरचे सगळे ४१ दरवाजे उघडले’ असा व्हिडिओ फिरतो. दरवाजे खरोखरच उघडलेले असू शकतात, पण व्हिडिओ तीन वर्षांपूर्वीचा असतो. व्हिडिओ थांबवा, स्पष्ट दिसणाऱ्या चित्राचा स्क्रीनशॉट घ्या, तो गुगल लेन्सला द्या. तेच चित्र आधी कुठे, कधी आलं ते बघा. जुन्या तारखेचं सापडलं तर विषय मिटला. नाही सापडलं तर ‘नवीन आहे’ असं सिद्ध होत नाही, हेही सांगा. नवख्याची गफलत इथेच होते.

मग डोळ्यांनी शोधायचं. गाड्यांचे नंबर: एमएच १९ जळगाव, १८ धुळे, ३९ नंदुरबार. व्हिडिओतल्या सगळ्या गाड्या भलत्याच राज्याच्या असतील तर ‘आपल्या इथला’ हा दावा डळमळतो. दुकानांच्या पाट्यांची लिपी बघा, एसटीचा रंग बघा, पिकं बघा. जुलैचा पूर म्हणून आलेल्या व्हिडिओत काठावर कापूस फुटलेला दिसला तर तो जुलैचा नाही. शहरातल्या पोरांना न दिसणाऱ्या या खुणा शेतकऱ्याला पटकन दिसतात, त्यामुळे या खेळात म्हातारी माणसं पोरांना हरवतात. त्यांना हरवू द्या. पुढच्या बैठकीला ती सर्वांच्या आधी येऊन बसतील.

आकड्यांचं एकक तपासा. विसर्ग कधी क्युसेकमध्ये देतात, कधी क्युमेकमध्ये. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर. दोघांत सुमारे ३५ पटींचा फरक आहे. एकाच्या जागी दुसरा शब्द पडला की काठावरचं गाव रात्रीतून सामान बांधायला लागतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे बांधायचं असताना झोपून राहतं. पुराच्या बाबतीत मात्र एक नियम पाळा: इशारा तहसील किंवा पोलीस पाटलाकडून आला असेल तर आधी हला, तपासणी नंतर.

२०१८ मध्ये मुलं पळवण्याचा म्हणून देशभर फिरलेला एक व्हिडिओ या बैठकीत जरूर सांगा. मोटारसायकलवर आलेले दोघं रस्त्यावरचं पोर उचलून नेतात, असं त्यात दिसतं. तो मुळात कराचीत बनवलेला, मुलांच्या सुरक्षिततेची जागृती करणारा व्हिडिओ होता. शेवटी ते दोघं मूल परत आणून सोडतात आणि पाटीवर संदेश दाखवतात. तेवढा शेवट कापून उरलेला भाग फिरवला गेला. चित्र कुणीही बदललं नव्हतं, फक्त कात्री लावली होती. म्हणून ‘याच्या आधी काय होतं, नंतर काय होतं’ हेही विचारायला शिकवा.

पायरी चौथी: बियाणं, टॉनिक आणि चार ओळी

मे महिन्यात ‘चोर बीटी’ घेऊन माणसं फिरतात. तणनाशक मारलं तरी कपाशी मरत नाही, आता सरकारची परवानगीही आहे, असं सांगतात. आपल्या देशात बीटी कपाशीला २००२ मध्ये आणि तिच्या दुसऱ्या पिढीला २००६ मध्ये परवानगी मिळाली. तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटीला ती मिळालेली नाही. पण परवानगीचा वाद घालण्यापेक्षा शेतकऱ्याला एकच गोष्ट मागायला शिकवा: पक्की पावती, तिच्यावर लॉट नंबर. उगवलं नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे दाखवायला हातात काय राहील, हा प्रश्न त्याला आपोआप पुढे नेतो.

टॉनिकवाल्याच्या ‘एकरी पाच क्विंटल वाढ’ या दाव्याची परीक्षा शेतातच घ्या. सगळीकडे मारायचं ठरवलंच असेल तर वावराच्या मधल्या चार ओळी सोडा. बांधाकडच्या नकोत, तिथे ऊन-वारा वेगळा असतो. खुंटीला चिंधी बांधून खूण करा. पाणी, खत, बाकीच्या फवारण्या सगळीकडे सारख्या. प्रत्येक वेचणीला त्या चार ओळींचा आणि शेजारच्या चार ओळींचा कापूस वेगळा तोला आणि वहीत लिहा. पहिल्या वेचणीवर निकाल देऊ नका. बरेचदा औषध मारलं त्याच वर्षी पाऊसही चांगला झालेला असतो आणि श्रेय बाटलीला जातं. त्या चार ओळींवरही तोच पाऊस पडलेला असतो, म्हणून त्या खरं बोलतात. शंका आली तर ममुराबाद, पाल, धुळे किंवा कोळद्याच्या कृषी विज्ञान केंद्रात वही दाखवा. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबरही मोफत आहे.

मला विचाराल तर अख्ख्या लेखातलं सर्वांत मोलाचं काम या चार ओळींचं आहे. एका वर्षी हे केलेला शेतकरी पुढे कुठल्याही दाव्याला ‘कशाच्या तुलनेत?’ असं विचारतो.

पायरी पाचवी: साप चावल्यावरचे चार खण

‘आमच्या भगताकडे नेलेला एकही दगावला नाही.’ असं म्हणणारा माणूस सहसा खोटं बोलत नसतो, त्याने जे पाहिलं तेच सांगतो. म्हणून त्याला खोटं पाडायचं नाही.

जमिनीवर खडूने चार खण आखा. भगताकडे गेला, वाचला. भगताकडे गेला, दगावला. दवाखान्यात गेला, वाचला. दवाखान्यात गेला, दगावला. मूठभर तुरीचे दाणे घ्या आणि गावात आठवतील तेवढे प्रसंग लोकांनाच खणांत टाकायला सांगा. पहिला खण भराभर भरतो. दुसऱ्या खणाशी हात थबकतो, मग कुणीतरी हळूच म्हणतं, ‘त्याला भगताकडून मग सिव्हिलला नेलं होतं, वाटेत गेला.’ तो दाणा कुठल्या खणात टाकायचा, यावर वाद होऊ द्या. आजवर तो दवाखान्याच्या नावावर पडत आलेला असतो.

नंतर विचारा: पहिल्या खणातल्या किती जणांना विषारी साप चावला होता? धामण, दिवड, तस्कर, कवड्या यांच्या चाव्याने माणूस मरत नाही, मंत्र म्हणा की न म्हणा. विषारी साप चावला तरी दर वेळी विष टोचतोच असंही नाही. आपल्याकडे जीव घेणारे मुख्य चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. सरकारी दवाखान्यात मिळणारी लस याच चौघांच्या विषावर चालते. वेळ गेला की तिचा उपयोग कमी होत जातो, म्हणून १०८ आधी.

भगत बैठकीत बसलेला असेल तर त्याचा अपमान होईल असा एकही शब्द नको. उलट त्यालाच सांगा, ‘बाबा, लोक पहिल्यांदा तुमच्याकडे येतात, तुम्हीच गाडीत बसवून द्या, पूजा नंतर करा.’ हे ऐकणारे भगत असतात. साप, कुत्रा, विंचू चावलेल्याला उपचारापासून अडवणं हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि एखाद्या बाईला डाकीण ठरवून छळणं हाही. सातपुड्यातल्या गावांत ही दुसरी गोष्ट स्पष्ट सांगा. ‘डाकिणीमुळे पोर आजारी पडलं’ हा दावासुद्धा याच चार खणांत तपासता येतो: तिची नजर न पडलेली पोरं आजारी पडली नाहीत का?

पायरी सहावी: नानांना उत्तर द्यायचं कसं

गावच्या ग्रुपवर चुकीचा मेसेज बहुधा वडीलधाऱ्याने टाकलेला असतो, चांगल्या हेतूने. सर्वांसमोर ‘हे फेक आहे’ लिहिलंत तर नाना गप्प होतील, पण मत बदलणार नाहीत, आणि पुढचा मेसेज तुम्ही नसलेल्या ग्रुपवर टाकतील. आधी वैयक्तिक लिहा:

‘नाना, रामराम. तुम्ही टाकलेला पुराचा व्हिडिओ बघितला, काळजी वाटली म्हणून शोधला. तो जुना निघाला, सोबत पाठवतो. तुम्ही सांगितलं तर लोक ऐकतात, तुम्हीच ग्रुपवर टाकाल का?’

टाकून अडीच दिवस झाले नसतील तर तो मेसेज त्यांना सर्वांसाठी डिलीट करता येतो, पण तेवढं पुरत नाही. ज्यांनी वाचून पुढे पाठवला त्यांच्यापर्यंत दुरुस्ती जायला हवी. दुरुस्ती लिहिताना खरी गोष्ट आधी लिहा, खोटी नंतर आणि थोडक्यात. तो व्हिडिओ पुन्हा जोडू नका.

पायरी सातवी: गावाने आधीच ठरवून ठेवायच्या गोष्टी

जमाव जमल्यावर कुणी लेन्स उघडत नाही. म्हणून शांत दिवशी, ग्रामसभेत, चार गोष्टी ठरवून पोलीस पाटलांच्या साक्षीने लिहून ठेवा. अनोळखी माणसांचा संशय आला तर पहिला फोन ११२ ला, दुसरा पोलीस पाटलांना. त्या माणसांना कोंडायचं नाही. गावातल्या दोन ठरलेल्या व्यक्तींनी त्यांच्याजवळ बसायचं, पाणी द्यायचं, पोलीस येईपर्यंत हलायचं नाही. त्यांचा फोटो किंवा व्हिडिओ कुणीही टाकायचा नाही. आणि ग्रुपच्या ॲडमिनने त्या क्षणी ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील’ ही सेटिंग चालू करायची. ती कशी करतात, ते सगळ्या ॲडमिनकडून त्याच सभेत करून घ्या. दोन ठरलेल्या व्यक्तींमध्ये एक बाई हवी, अंगणवाडी ताई किंवा आशा ताई. मुलांच्या बाबतीत गाव त्यांचं ऐकतं.

रेल्वेसाठी नियम त्याहून छोटा: आगीची बोंब ऐकली तर धूर स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो का ते बघा, आणि उतरावंच लागलं तर दुसरा रूळ नाही त्या बाजूने उतरा.

तपासणाऱ्यांना कोण तपासणार

हा प्रश्न कुणीतरी विचारेल, आणि विचारायलाच हवा. केंद्र सरकारची पीआयबी फॅक्ट चेक ही शाखा व्हॉट्सॲपवर ८७९९७११२५९ या क्रमांकावर मेसेज घेते, पण ती केंद्राशी संबंधित दाव्यांपुरतीच बोलते. सरकारविषयीच्या मजकुराला सरकारच्याच शाखेने खोटं ठरवावं, असा अधिकार देणारा आयटी नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. बूम, आल्ट न्यूज अशा खासगी संस्थाही आहेत. कुणाचाही नुसता शिक्का घेऊ नका. पुरावा दाखवलाय का, मूळ दुवा दिलाय का, चुकल्यावर दुरुस्ती छापतात का, एवढं बघा. आणि राजकीय दावे घ्यायची वेळ येईल तेव्हा प्रत्येकाने आपल्या आवडत्या पक्षाच्या बाजूचा एक दावा तपासायला आणायचा, दुसऱ्याचा नाही, असा नियम ठेवा. बैठक तापत नाही.

वही

वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीत एक साधी वही ठेवा. दावा, कुणी आणला, काय सापडलं, कुठे सापडलं, तारीख. ‘अजून कळलं नाही’ असंही लिहायची मुभा ठेवा, नाहीतर लोक अंदाजाला निकाल म्हणू लागतात. जे गावाच्या कारभाराबद्दल आहे आणि कुठेच सापडत नाही, उदाहरणार्थ रस्त्याला किती निधी आला, त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, वर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. कार्यालयाने तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे अपील करता येतं. अर्जाची पोच घेऊन ती वहीतच चिकटवा आणि अपिलाची तारीख शेजारी लिहून ठेवा.